अव्वाची चाळण आणि माझी शेपटी

चाळणअव्वा लग्नाला आली की यजमान आधी धान्याच्या पोत्यांकडं धावायचा. बाकीची माणसं लग्नाला येताना आहेर आणायची, अव्वा चाळण आणायची. पत्र्याची, कडेला पितळी पट्टी मारलेली, परातीएवढी चाळण दोरीनं पाठीला लटकवून ती मांडवात शिरायची आणि नवरानवरीकडं न बघता थेट आचाऱ्याच्या चुलाणापाशी जायची. "जेवायच्या आधी बघू द्या. जेवल्यावर बघून काय उपेग?" असं म्हणायची आणि समोरच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालायची.

माझ्या लग्नातही तिनं हेच केलं. नवऱ्याकडच्या वऱ्हाडातून ती आली होती. मी तेव्हा चौदा वर्षांची. कपाळावर मुंडावळ्या आणि कपाळाच्या आत नुसता वारा. माझे वडील तालुक्याच्या गावी सरकारी शाळेत मास्तर होते. त्यांनी लापशीसाठी म्हणून गव्हाचं पोतं कुठून कुठून मिळवलं होतं. अव्वानं त्यातले चार पसे गहू चाळणीत घेतले, गोल गोल घोळवले आणि फरशीवर ढीग मांडले. पहिल्यात किडके, पोचट दाणे. "ह्यो देवाचा. त्यानं कीड घातली, त्याला कोण बोलणार?" दुसऱ्यात काड्या आणि खळ्यावरची काळी ढेकळं. "ह्यो आळशाचा." मग तिसऱ्या ढिगाची जागा तिनं बोटानं दाखवली. ती रिकामीच होती. "ह्यो चोराचा. मुद्दाम घातलेले खडे हितं येत्यात." अव्वानं पदर झटकला आणि म्हणाली, "व्याही आळशी हायत, पण चोर न्हाईत. वाजवा रं!"

मग वाजंत्री सुरू झाली. मी मुंडावळ्यांच्या आड रागानं लाल झाले होते. ह्या बाईशी आयुष्यात बोलायचं नाही, असं मी अक्षता पडायच्या आधीच ठरवून टाकलं. वडिलांनी मात्र ते शब्द पदकासारखे जपले. पुढं कोणी काही आडवं बोललं की म्हणायचे, "अहो, मी चोर नाही, हे अव्वांनी भर मांडवात सांगितलंय."

आमचं गाव, म्हणजे माझं सासर, तामलवाडीच्या बाजूला, निजामाच्या राज्याच्या अगदी काठावर. गावाच्या शिवेवर उभं राहून दगड भिरकावला तर तो इंग्रजांच्या मुलखात पडायचा. अव्वा होती कानडी मुलखातली, लिंगायताची. नवऱ्यामागं एक लेक घेऊन ह्या गावात आली आणि राहिली. गळ्यात चांदीच्या करंड्यात लिंग, कपाळाला भस्म, अंगानं काटकुळी. घरोघरी जाऊन धान्य निवडायचं, चाळायचं, पाखडायचं, हा तिचा धंदा. त्याबद्दल तिला धान्यच मिळायचं. आम्ही सगळे तिला अहोजाहो करत असू. ती मात्र पाटलापासून पोराटोरांपर्यंत सगळ्यांना एकाच सुरात हाक मारायची. एखादी गोष्ट नको असली की "बेडा" म्हणायची. ह्या एका कानडी शब्दानं तिनं बाजारातले कितीतरी व्यापारी घायाळ केले होते.

बाजारच्या दिवशी तिच्या मागं मागं फिरायला मला फार आवडायचं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण तिच्याशी न बोलण्याची माझी शपथ होती. ती गुळाचा खडा पाण्यात टाकून तळाशी काय बसतंय ते बघायची. हळद तळहातावर चोळायची. दुधाचा थेंब नखावर घेऊन तो उभा राहतो की पळतो हे बघायची. करडईचं तेल जिभेवर घेऊन डोळे मिटायची, आणि समोरचा तेली तिच्या पापण्यांकडं टक लावून बसायचा. कोणी म्हणालं, "अव्वा, चवीला तर झ्याक लागतंय की," तर तिचं ठरलेलं उत्तर असायचं : "तोंड फितूर हुतं बाबा. पोट न्हाय फितूर होत." मग म्हणायची, "बेडा." आणि पुढच्या पालाकडं चालू लागायची.

माझी शपथ तीन महिनेही टिकली नाही. त्याला कारण माझा नखरा. मास्तरांची लेक म्हणून मला वडिलांनी घरी अलिफ-बे शिकवलं होतं. चार धडे उर्दूचे, दोन धडे मराठीचे, एवढीच माझी सगळी विद्या. पण सासरी त्या घरात एकाही बाईला सही येत नव्हती. त्यामुळं मी कमरेवर हात ठेवून चालायला लागले होते. दळण निवडायला बसवलं की मी मोठमोठ्यानं शब्द पाठ म्हणायची आणि हात मात्र सुपात नुसते फिरवायची. एकदा असंच निवडलेल्या ज्वारीची भाकरी सासऱ्यांच्या पानात गेली आणि कटकन आवाज आला. सासऱ्यांनी तोंडातून एक खडा काढला आणि त्याच्यामागून दाढेचा तुकडा. नेमकी अव्वा ताक न्यायला आली होती. तिनं तो दाढेचा तुकडा दोन बोटांत धरून उजेडात बघितला आणि मला विचारलं, "काय गं मास्तरीण, ह्यो कंच्या ढिगात घालू?"

मी मान खाली घालून म्हणाले, "आळशाच्या."

"आता शिकशील," ती म्हणाली. त्या दिवसापासून तिनं मला चाळायला शिकवायला सुरुवात केली आणि माझं नाव मास्तरीण पडलं. चाळण कशी धरायची, मनगट कसं सैल सोडायचं, खडे आपोआप एका कडेला कसे गोळा होतात, हे सगळं तिनं शिकवलं. मला वाटायचं, हे काय शिकायचं? पण तिच्या हातात चाळण फिरायला लागली की दाण्यांचा पावसासारखा आवाज यायचा. माझ्या हातात त्याच चाळणीचा आवाज पत्र्यासारखा यायचा.

मग तिकडं कुठंतरी मोठी लढाई पेटली आणि तिची धग आमच्या कणगीपर्यंत आली. सरकारनं लेव्ही बसवली. रानात पिकलेल्या ज्वारीतला ठरलेला हिस्सा सरकारात घालायचा आणि नंतर खायला कमी पडलं की कंट्रोलच्या दुकानातून आणायचं. गावानं घातली ती मोत्यासारखी शाळू ज्वारी, आणि कंट्रोलातून परत आली ती कसलीतरी काळपट, कुबट वासाची ज्वारी. गावात पोटं बिघडायला लागली. म्हातारी माणसं अंथरुणाला खिळली. अव्वाची लेक गौरव्वा त्याच दिवसांत बाळंतपणाला माहेरी आली होती. आठवा महिना लागलेला, पण तिच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. हातापायाच्या काड्या झाल्या होत्या. अव्वाला घरोघरी धान्य निवडण्याबद्दल मिळायची तीही कंट्रोलचीच ज्वारी. ती लेकीसाठी एकेक दाणा नखानं तपासत बसायची. एकदा चाळलेलं ती पुन्हा चाळते, हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

एके दिवशी तिनं कंट्रोलच्या दुकानाच्या पायरीवरच चाळण काढली. आमची ज्वारी, शेजारणीची ज्वारी, जी जी बाई माप घेऊन बाहेर आली तिची तिची ज्वारी ती चाळत गेली. देवाचा ढीग झाला, आळशाचा झाला, आणि तिसराही झाला. तिसऱ्या ढिगात तांबूस खडे होते, बरोब्बर ज्वारीच्या दाण्याएवढे. अव्वानं एक खडा उचलून बायकांना दाखवला. "आपली जमीन काळी. आपल्या खळ्यात ह्यो तांबडा मुरूम कुठनं आला? ह्यो माळावरचा हाय. कुणीतरी चाळून, दाण्याच्या मापाचा करून घातलाय. नोड! बघा की नीट!"

दुकानदार शेटजी हसत बाहेर आला. त्याची पाटलाशी बसउठ होती, तेव्हा त्याला कशाची भीती? "अव्वा, रोज चाळून चाळून एक दिवस तुमची चाळण फाटंल बघा."

"फाटू द्या की," अव्वा म्हणाली. "भोकं मोठी झाली की जवारी खाली जाईल आन् तुमच्यासारखा धोंडा वर ऱ्हाईल. समद्या गावाला दिसंल."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. कंट्रोलच्या दारात बायकांचं हसणं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं असेल. मग दर आठवड्याला हेच व्हायला लागलं. माप घ्यायचं, पायरीवर चाळायचं, तिसरा ढीग तिथंच सोडून निघायचं. शेटजी तो ढीग झाडून टाकायचा, पण पुढच्या आठवड्याला तो पुन्हा तिथं असायचाच.

गावातल्या पुरुषांचंही राजकारण चालायचं. माझे सासरे, पोस्टमन आणि आणखी दोघंतिघं महादेवाच्या देवळात बसून सोलापुराहून लपवून आणलेलं वर्तमानपत्र वाचायचे. आपलं राज्य येणार, असं कुजबुजत बोलायचे. एकदा अव्वा तिथं बेल वाहायला गेली आणि जरा वेळ थांबून ऐकत राहिली. मग म्हणाली, "येऊ द्या तुमचं राज्य. पर त्या राज्यात जवारी कोण चाळणार?"

सासरे म्हणाले, "अव्वा, हे मोठं राजकारण आहे. तुम्ही ज्वारीचं काय काढलंत?"

"मोठं हाय म्हणूनच इचारते," ती म्हणाली. "ल्हान असतं तर म्याच चाळलं असतं." सासरे घरी आल्यावर बराच वेळ दाढेच्या खड्ड्यात जीभ फिरवत बसले होते.

आता माझ्या पराक्रमाकडं येते. बायकांनी ठरवलं की तहसीलदारांकडं अर्ज करायचा. अर्ज उर्दूत हवा. पटवारी लिहून देणार नाही, तो शेटजीचा माणूस. तेव्हा कमरेवर हात ठेवून मी पुढं झाले. "त्यात काय एवढं? मी लिहिते." कडब्याच्या गंजीमागं भर दुपारी आम्ही जमलो. मी ऐटीत बोरू शाईत बुडवला. आजूबाजूला सतराअठरा बायका बोरूकडं डोळे लावून बसलेल्या. मला वाटलं, मी काझीच आहे. अव्वानं मजकूर सांगितला : "लिही, आमाला चांगली, चोख जवारी मिळावी." एवढंच. मी मनात उर्दू जुळवलं. चोख म्हणजे खालिस. म्हणजे झालं, "हम को खालिस जवार मिले."

आता खोटं कशाला बोलू? 'खालिस' लिहून झाल्यावर मला तो शब्द फार बोडका वाटला. वडिलांच्या पुस्तकात किती सुंदर सुंदर शब्द असायचे, शेवटी गोल वळण घेतलेले! एवढ्या बायका बघतायत, तेव्हा काहीतरी नक्षी हवी. म्हणून मी त्या शब्दाच्या शेवटी एक झोकदार शेपटी काढली. बायका म्हणाल्या, "अगं बया, किती देखणं!" अव्वाला अक्षर कळत नव्हतं. पण बाजारातल्या दुधाच्या थेंबाकडं बघावं, तसं तिनं कागदाकडं जरा बारीक डोळ्यांनी बघितलं. मग सगळ्यांनी अंगठे उठवले. सगळ्यांत वर अव्वाचा.

त्या शेपटीनं काय केलं ते ऐका. उर्दूत 'खालिस' म्हणजे शुद्ध. त्याला शेपटी लावली की होतं 'खालसा'. राजाचं राज्य जाऊन मुलूख दुसऱ्या सरकारच्या ताब्यात जातो, त्याला म्हणतात खालसा होणं. शिवेपलीकडच्या इंग्रजी मुलखालाही आमच्याकडं खालसाच म्हणायचे. आणि 'जवार' म्हणजे आपली ज्वारी खरी, पण दरबारी उर्दूत तसाच लिहायचा दुसरा एक 'जवार' आहे. त्याचा अर्थ आसपासचा मुलूख. तेव्हा कचेरीतल्या पेशकारानं आमचा अर्ज वाचला तो असा : आम्हाला आमचा मुलूख खालसा करून मिळावा. म्हणजे निजामाचं राज्य नको! खाली सतराअठरा अंगठे, आणि सगळ्यांत वर एका म्हातारीचा.

चौथ्या दिवशी दोन शिपाई आले. चावडीपुढं अर्ज वाचून दाखवला तेव्हा सगळं गाव पांढरं पडलं. शिपायानं विचारलं, "किसने लिखा?" मी समोरच आमच्या घराच्या दाराआड होते. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. अव्वा पुढं झाली.

"म्या सांगितलं," ती म्हणाली.

"लिहिलं कुणी?"

"म्या सांगितलं म्हणून लिहिलं गेलं. तवा माझंच झालं न्हवं?" तिनं कागदावरच्या शेपटीवर बोट ठेवलं, दाराकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, "चला."

चाळण तिनं गौरव्वाजवळ ठेवली आणि ती चालत निघून गेली. मी दाराची कडी धरून उभी. चार धडे उर्दूचे, दोन मराठीचे, आणि गरजेच्या वेळी एकही शब्द नाही.

दोन दिवस मी घरात वाऱ्यासारखी फिरत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी गौरव्वाला कळा यायला लागल्या, दिवस भरायच्या आधीच. मी तिच्याकडं गेले तेव्हा ती भिंतीला धरून उभी होती. तिनं मला विचारलं, "मास्तरीण, तू शिकलेली हाईस. सांग मला, माझ्या आईनं सांगितलं तरी काय असं? चोख जवारीच मागितली न्हवं?" मी तिथनं निघाले, घरी आले आणि सासूबाईंच्या पायांशी बसून सगळं सांगून टाकलं. शेपटीसकट.

सासूबाई फार बोलणाऱ्या नव्हत्या. त्यांनी मला मारलं नाही, रागावल्याही नाहीत. गौरव्वाजवळ सुईणीला बसवलं, चार भाकरी फडक्यात बांधल्या, अव्वाची चाळण उचलली आणि गाडी जुंपायला सांगितली. वाटेत एवढंच म्हणाल्या, "कचेरीत गडीमाणसं कागद वाचत्यात. आपण मागच्या दारानं जायचं. तिथं बाया असत्यात."

तहसीलदारांचं घर कचेरीला लागूनच होतं. मागच्या पडवीत त्यांची म्हातारी आई ताटात गहू घेऊन निवडत बसली होती. डोळ्यांवर जाड चष्मा, तोंडानं पुटपुट चाललेली. सासूबाईंनी नमस्कार केला आणि चाळण पुढं केली. म्हातारीनं चाळण उलटीसुलटी करून बघितली. मग मला म्हणाली, "चला के बता." मी चाळायला बसले. जन्मात पहिल्यांदा माझ्या हातातल्या चाळणीचा पावसासारखा आवाज आला. भीतीनं मनगटं सैल झाली होती, त्याचा हा परिणाम असणार. मी तीन ढीग मांडले. तिसऱ्यात तांबूस मुरूम. तहसीलदारांच्या घरी आलेल्या कंट्रोलच्या गव्हात!

म्हातारीनं तो खडा दातांखाली धरून बघितला. "हौ, येइच है! रोज दाँतां में आता येइच कंकर!" मग मी रडत रडत तिला अर्जाचं सांगितलं. तिनं मुलाला आतून हाक मारली. शेरवानीतले तहसीलदार कागद घेऊन आले. गोरेपान, दमलेले, डोळ्यांखाली काळं झालेलं. म्हातारीनं कागद नाकाशी धरला आणि तिचं बोळकं हसायला लागलं.

"अरे, ये तो खालिस लिखी माँ! बच्ची ने लफ्ज कू दुम लगा दी, बस! साफ जवारी मंगते ये लोगां."

तहसीलदार म्हणाले, "अम्मीजान, ये सियासत का मामला है." सियासत म्हणजे राजकारण.

"आटे में कंकर है तो येइच सियासत है," म्हातारी म्हणाली, आणि तिसरा ढीग ताटासकट मुलाच्या पुढं सरकवला. "तू भी खा रहा येइच आटा. तेरे कू कायकू नै समझा?"

तहसीलदारांनी त्यातला एक खडा उचलून बोटांत फिरवला. मग माझ्याकडं वळून अदबीनं म्हणाले, "ये आपने लिखा?" आणि मी, जिनं सगळ्या गावाला अलिफ-बे ऐकवून कान किटवले होते, ती मी काय बोलले असेन? म्हणाले, "जी, मास्तर." त्यांनी हसू दाबलं आणि शिपायाला हाक मारली.

अव्वा कचेरीच्या आवारात लिंबाखाली बसली होती. हवालदार आमच्याकडं बघून हात जोडायला लागला. "न्या बाबा ह्या म्हातारीला. दोन दिस झाले, अंघोळ करून पूजा करती, पर खायाचं नाव न्हाय. म्हणती, न चाळलेलं खात न्हाय. आन् पदरानं चाळून चाळून आमच्या भटारखान्यातल्या समद्या पिठाचे ढीग घातलेत. आता आमालाबी घास गोड लागंना." मी तिच्या पायावर पडले. तिनं मला उठवलं, भाकरीचा तुकडा मोडला, वास घेतला आणि विचारलं, "कुणी चाळलं?"

"मी," म्हणाले.

तिनं तो तुकडा खाल्ला. दोन दिवसांनंतरचा पहिला घास. मग सासूबाईंकडं बघून म्हणाली, "गौरी?"

आम्ही सांजवेळी गावात पोचलो तेव्हा गौरव्वा मोकळी झाली होती. मुलगी, इवलीशी, पण रडायला जोरकस. अव्वानं हात धुतले, नातीला बघितलं आणि आधी चूल पेटवली. तहसीलदारांच्या आईनं निघताना पदरात दोन शेर ज्वारी घातली होती. आपल्या माहेरच्या जमिनीतली, खडा नसलेली. अव्वानं तीही चाळली. त्या ज्वारीची कण्यांची पेज गौरव्वानं घेतली, आणि त्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या पोटात अन्न ठरलं.

पुढं आठ दिवसांत कंट्रोलचं दुकान शेटजीकडून काढून दुसऱ्याला दिलं आणि हुकूम आला की दुकानात एक चाळण टांगलेली असावी, मागेल त्याला ती द्यावी. त्या टांगलेल्या चाळणीखाली दर आठवड्याला कोणीतरी एक बाई बसायची. आज तुझी पाळी, उद्या माझी. चावडीसमोरून डोक्यावरचा पदर सारखा करत झरकन निघून जाणाऱ्या बायका आता तिथंच मांडी घालून बसून दुकानदाराला जाब विचारायला लागल्या. देवळातलं पुरुषांचं मंडळ हे दुरून बघायचं. एकदा सासरेच म्हणाले, "आम्ही पाच वर्षं कुजबुजलो, पण आमचं ऐकून सरकारनं एक खिळासुद्धा ठोकला नाही. ह्यांच्या चाळणीसाठी ठोकला."

अव्वा मला कधी त्या अर्जाबद्दल रागावली नाही. फक्त माझं नाव बदललं. मास्तरीण गेलं आणि मी झाले शेपटी. "ए शेपटी, इकडं ये." आख्खं गाव मग तेच म्हणायला लागलं. माझे यजमानसुद्धा. माझ्या पहिल्या मुलाच्या बारशाला गावातली पोरं "शेपटीचं बाळ" बघायला आली होती.

पुढची वर्षं वाईट आली. इंग्रज गेले, पलीकडं आपलं राज्य आलं आणि आम्ही अलीकडंच राहिलो. रस्त्यांवर भीती फिरायला लागली. काठावरच्या गावांतली माणसं बिऱ्हाडं उचलून शिवेपलीकडं जायला लागली. गौरव्वाचा नवरा तिला, लेकरांना आणि अव्वाला न्यायला आला. अव्वा गाडीत चढायच्या आधी आमच्या दारात आली. पाठीवर चाळण नव्हती, हातात होती. ती तिनं माझ्या हातात दिली.

"अव्वा, तुम्हाला लागंल की तिकडं."

"तिकडं आपलं राज्य हाय म्हणत्यात. तिथं चाळायला दुसरं कुणी असंल, बघू." मग तिचे ते बारीक डोळे मिटमिटले. "तू लिहिलेलं खरं झालं बघ, शेपटे. म्या चालले खालसात."

मी हसले, आणि हसता हसता चाळण दोरीनं पाठीला लटकवली. गाडी नाक्याच्या वळणावर गेली. तिथं झडती घेणाऱ्या शिपायाच्या घोंगडीवरही धान्य वाळत घातलेलं होतं. अव्वा गाडीतून वाकली, त्यातला एक दाणा उचलला, दाताखाली धरला आणि त्याला काहीतरी बोलली. इतक्या लांबून ऐकू आलं नाही, पण मी सांगते, "बेडा" म्हणाली असणार.

ती परत आली नाही. वर्षाभरात निजामाचं राज्य गेलं, आणि आमचा आख्खा जवार, तामलवाडीपासून येडशीच्या पलीकडपर्यंत, एका रात्रीत दुसऱ्या राज्यात आला. गावात गुलाल उधळला तेव्हा मी दारात चाळण घेऊन उभी होते. सगळे नाचत होते आणि मला एकटीला हसू आवरत नव्हतं. माझा अर्ज मंजूर झाला होता! शेपटीसकट! त्याच आठवड्यात गौरव्वाचा निरोप आला की अव्वा गेली. शेवटच्या दिवशी पेज भरवताना तिनं चमचा थांबवून विचारलं होतं, "कुणी चाळलं?"

आता माझी नव्वदी उलटलीय. परवा निवडणुकीचा एक तरतरीत उमेदवार घरी आला होता. शुद्ध अन्न, विनाविषाची शेती, पोरांच्या ताटातलं भरडधान्य, असं पुष्कळ काही बोलत होता. चांगलं बोलत होता. रेशनवरच्या धान्यात खडे निघतात, म्हणून गावातल्या बायकांनी त्याला अडवलं होतं, तिथनं तो घामाघूम होऊन आलेला. नातसुनेनं त्याला चहा दिला. त्याचं बोलणं संपल्यावर मी भिंतीवरची चाळण काढली आणि म्हणाले, "बाळ, तुमच्या माणसाला रेशनचं पोतं आणायला सांगा. आणि मांडी घालून बसा इथं."

तो बसला. पितळी पट्टी काळी पडलीय, दोन भोकं मोठी झालीत, पण मनगट सैल सोडलं की अजून आवाज येतो. मी त्याच्यासमोर फरशीवर तीन ढीग मांडले. देवाचा, आळशाचा आणि तिसरा. मी त्याला म्हणाले, "आमचा एक अर्ज आहे हो, फार जुना. त्यातला मी चुकून लिहिलेला अर्धा मंजूर झालाय. अव्वानं सांगितलेला अर्धा अजून बाकी आहे."

त्यानं विचारलं, "कोणत्या अव्वा, आजी?"

मी चाळण त्याच्या हातात दिली. म्हणाले, "आधी चाळा. मग सांगते."